जिंकल्यावरची दरखास्त

आम्ही दावा जिंकलो त्या दिवशी मी अर्धा किलो पेढे वाटले. हा गाढवपणा आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला तोंड मोकळं राहील. शेजारणींना दिले, कोर्टाबाहेरच्या चहावाल्याला दिले, वकीलसाहेबांच्या मुनशीला दोन जास्तीचे दिले. मला वाटलं होतं, जज्जसाहेबांनी एकदा ‘द्या’ म्हटलं की समोरचा देतो. मी मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले, पण हे कोणत्याही धड्यात नव्हतं.

पेढा तोंडात असतानाच वकीलसाहेब म्हणाले, "आता दरखास्त टाकावी लागेल."

"कायची दरखास्त?"

"वसुलीची. हुकूमनामा आपल्या बाजूने झाला. पण समोरच्याने आपणहून पैसे भरले नाहीत, तर आपणच कोर्टाकडे दरखास्त करायची, की वसूल करून द्या म्हणून."

आमच्या घरात हिंदी बोलतात, त्यात उर्दूही मिसळलेली. आमच्याकडे दरखास्त म्हणजे हात जोडून केलेली विनंती. फी माफ करा, रेशनकार्डात नाव घाला, साहेब मेहेरबानी करा, ही दरखास्त. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "वकीलसाहेब, जिंकलो आम्ही, अन् हात पण आम्हीच जोडायचे?" ते हसले. म्हणाले, "भाभी, शब्द आहे हो तो नुसता." पण तो नुसता शब्द नव्हता, पुढची दोन वर्षं आम्ही खरोखर तेच केलं.

आता हे प्रकरण मुळात काय ते सांगते. माझ्या नवऱ्याला सगळं लोहारा गाव मिस्त्री म्हणतं, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणते. एमआयडीसीच्या रस्त्याला आमचं पत्र्याचं शेड होतं. विजेच्या जळालेल्या मोटारी भरायचं काम. जुनी काळी पडलेली तार उपटून काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वॉर्निश पाजायचं, सुकवायचं. मिस्त्रींनी भरलेली मोटार पुन्हा जळत नाही असं लोक म्हणायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. हात सोन्याचा, पण तोंड मेणाचं. समोरच्याकडे पैसे मागायचे झाले की यांची नजर आपली चपलेकडे.

बाभुळगावच्या अंगाला, आमच्या शेडपासून दहा-बारा मैलांवर, एका शेठचं जिनिंग होतं, कापसातून सरकी काढायचा कारखाना. ऐन हंगामात त्याच्या मोटारी एकामागे एक जळाल्या. तो स्वतः आमच्या शेडमध्ये आला, पालथ्या घातलेल्या डब्यावर बसला आणि मिस्त्रींचा हात धरून म्हणाला, "आवारात कापूस पडून हाय, जिन बंद हाय, लोकं बैलबंड्या घेऊन उभे हायेत. मिस्त्री, माही इज्जत तुमच्या हातात." इज्जत म्हटली की आमचे मिस्त्री पाघळलेच. पण तांब्याची तार काही इज्जतीवर मिळत नाही. तिला अठरा हजार रोख लागत होते आणि आमच्याकडे अठराशेही नव्हते.

ते पैसे आपांनी उभे केले. आपा म्हणजे मिस्त्रींची मोठी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहायच्या आणि शेवया करून विकायच्या. त्यांच्या हातात दोन कंगन होते, तीन-तीन तोळ्यांचे. निकाहच्या वेळी नवऱ्याने मेहेरमध्ये दिलेले. त्या माणसाची तेवढीच एक वस्तू त्यांच्याकडे उरली होती. आमचं बोलणं त्यांनी आतून ऐकलं, नळावर गेल्या, साबण लावून दोन्ही कंगन उतरवले आणि ओल्या हातानेच भावासमोर ठेवले. "तांबं आण. हंगाम संपला की सोडव," एवढंच बोलल्या. मिस्त्रींनी ते सावकाराकडे ठेवले, महिन्याला शेकडा दोनने.

मोटारी भरल्या. जिन हंगामभर चाललं, एक मोटार कुरकुरली नाही. एकतीस हजारांचं बिल झालं आणि शेठने त्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘काम बरोबर आहे, रक्कम देणे आहे.’ तेवढं लिहिलं म्हणून तर आम्ही पुढे जिंकलो. मग सुरू झालं त्याचं आज-उद्या. कापसाला भाव नाही. गाठी उचलल्या जात नाहीत. चुकारे अडकले. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कोणाकडेही पैसे मागा, हेच उत्तर यायचं, आणि दहातल्या आठांचं ते खरं असायचं. म्हणूनच तर उरलेल्या दोघांचं फावायचं. खऱ्या रडणाऱ्यांच्या घोळक्यात शिरून हा आपला डोळे पुसत उभा. या अशाच हंगामात त्याने बंगल्यावर दुसरा मजला चढवला.

आणि एक सांगते. ईदला आमच्याकडून गिऱ्हाइकांच्या घरी शीरखुर्म्याचा डबा जायचा. पैसे थकवले तरी शेठकडे डबा गेला. दावा लावला तरी गेला. मी म्हटलं, "काहून नेता? लाज वाटत नाही?" मिस्त्री म्हणायचे, "कोर्ट आपल्या जागी, ओळख आपल्या जागी." शेठ तो डबा घ्यायचा, घरी सगळे खायचे, आणि दुसऱ्या दिवशी घासूनपुसून डबा परत. त्यात काय? चिमूटभर साखर. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, अशी रीत आहे ना! ती रीत त्याने एकदाही मोडली नाही. एकतीस हजार बुडवले, पण डबा रिकामा पाठवला नाही. मी ती साखर मुंग्यांना टाकायचे. आमच्या चहात ती मी कधी पडू दिली नाही.

वर्षभर वाट पाहून दावा लावला. तो तीन वर्षं चालला. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं म्हणतात, तसं आमचं शिंगरू झालं होतं. मिस्त्री काम सोडून कसे जाणार, म्हणून तारखांना बरेचदा मीच जायचे. निकाल लागला तेव्हा हुकूमनामा असा होता: एकतीस हजार मुद्दल, दावा लावल्यापासून वर्षाला शेकडा सहाने व्याज, आणि दाव्याचा खर्च. मी घरी येऊन हिशेब केला. सावकाराचं व्याज महिन्याला दोन, म्हणजे वर्षाला चोवीस. कोर्टाचं वर्षाला सहा. आमच्या पैशाला कोर्टाने पायी चालवलं होतं आणि सावकाराचा पैसा घोड्यावर बसला होता. तरी अजून उशीर झाला नव्हता. लवकर वसूल झाले तर दोन्ही कंगन सुटून वर काही उरलं असतं.

म्हणून दरखास्त टाकली. मग कळलं की त्याची मालमत्ता कोणती, ती आम्हीच दाखवायची. बेलिफ येणार, पण बोट आम्ही दाखवायचं. बेलिफ माणूस वाईट नव्हता. पन्नाशीचा, दम्याचा, हातात रेक्झिनची पिशवी. मिस्त्रींच्या स्कूटरवर मागे तो, आणि एसटीने मी, असे आम्ही शेठच्या बंगल्यावर पोचलो.

अंगणात पाहते तर बैलजोडी! इतक्या वर्षांत त्या घरी मी बैलाची शेपटीसुद्धा पाहिली नव्हती. बैल बांधले होते ते मोटारगाडीच्या शेडच्या खांबाला, खाली गुळगुळीत फरशी. गव्हाण नाही, कडबा नाही, शेणाचा पो नाही. बिचारे बैल फरशीवर पाय घसरतात म्हणून चार पायांवर अवघडून उभे. शेजारी भिंतीला टेकवून एक वखर, त्याची पास म्हणजे लोखंडी पातं कोरं करकरीत, त्यावरचा दुकानातला कागदही निघाला नव्हता.

शेठ बाहेर आला, खांद्यावर गमछा. म्हणाला, "या बेलिफसाहेब. मी शेतकरी माणूस. पाहा काय भेटते ते." आणि कागद पुढे केला. कळंब तालुक्यातल्या आठ एकरांचा सातबारा.

बेलिफाने तिथे मला कायदा समजावून सांगितला. शेतकऱ्याचे बैल घेता येत नाहीत. औतं-अवजारं घेता येत नाहीत. बियाणं नाही. शेतकऱ्याचं राहतं घर नाही. स्वयंपाकाची भांडी नाहीत, अंथरूण-पांघरूण नाही. कायदा चांगला आहे हो, मी नाही म्हणत नाही. गरिबाच्या चुलीवरचं भांडं उचलू नये म्हणून कोणी भल्या माणसाने लिहिला असेल. पण तो पांघरून कोण बसला होता, तर हा. जमीन? ती बँकेकडे गहाण. गाडी? ती मेहुण्याच्या नावावर. जिनिंग? ते बायकोच्या. फटफटी मुलाची. त्याच्या नावावर अंगातल्या सदऱ्याशिवाय मोकळं काही निघेना.

इतक्यात त्याची बायको पाणी घेऊन आली. कोपरापर्यंत बांगड्या. गळ्यात तीन-तीन पदर. घरातलं झाडून सगळं सोनं बाईने त्या सकाळी अंगावर चढवलं होतं. भर दुपारी, घरच्या घरी! मी बेलिफाकडे पाहिलं. तो हळू आवाजात म्हणाला, "बाईच्या अंगाला मी हात लावू शकत नाही, भाभी." त्या बाईने माझ्यासमोर पेला धरला तेव्हा बांगड्या खळखळल्या. माझ्या डोळ्यांसमोर आपा आल्या. लग्नाकार्यात कोणी भेटलं की त्या ओढणी मनगटावर ओढून घ्यायच्या, कोणाला हात दिसू नये म्हणून. मी पाणी घेतलं नाही. त्या अंगणात मला थुंकावंसं वाटलं, पण तेवढं धाडस झालं नाही.

त्या दिवशी जप्तीत काय मिळालं? चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक टेबलफॅन. आणि त्या वस्तू सांभाळायला सुपूर्द कोणाला केल्या? दुसरं कोणी पुढे येईना, म्हणून शेठच्या मेहुण्याला. आमचं तोंड असं झालं की बेलिफाने परतताना स्वतःच्या पैशाने आम्हाला चहा पाजला.

कोर्टात शेठने तेच सांगितलं. हात जोडून, आवाज पाडून. "साहेब, मी शेतकरी. आमच्या लोकांवर काय येळ आली ते तुम्ही पेपरात वाचूनच राह्यले." मी मागच्या बाकावर बसले होते. आमच्या ओळखीच्या दोन घरांत त्या साली कर्जापायी माणसं गेली होती. तिथे मी चुली पेटवायला गेले होते, पोरांना भात भरवला होता. आणि हा, जो त्याच लोकांच्या कापसात क्विंटलमागे दोन किलो घट धरायचा, तो दुसऱ्याच्या मयतावरची चादर ओढून स्वतःच्या अंगावर घेत होता. शी! माणसाने चोरी करावी, खोटं बोलावं, पण हे? मला इतकी किळस आयुष्यात कशाची आली नाही.

मग वकीलसाहेब म्हणाले, आता एकच रस्ता. ऐपत असून देत नाही असं दाखवून दिलं, तर कोर्ट त्याला दिवाणी कैदेत टाकू शकतं. ऐपत कशी दाखवणार? तिथे पहिल्यांदा मिस्त्रींचा उपयोग झाला. ते म्हणाले, "जिनिंग बायकोच्या नावानं असंल, पण मीटर? मी शंभरदा त्या बोर्डासमोर उभा होतो." विजेचं मीटर शेठच्या नावावर होतं. महिन्याला हजारोंचं बिल तो स्वतःच्या नावाने भरत होता. वकीलसाहेबांनी बिलांच्या नकला लावल्या. जज्जसाहेबांनी त्या पाहिल्या, शेठच्या गमछ्याकडे पाहिलं, आणि अटकेचं वॉरंट काढलं.

मी खूश होऊन विचारलं, "आता धरणार ना त्याला?"

"धरणार," वकीलसाहेब म्हणाले. "फक्त भत्ता भरावा लागेल."

"कायचा भत्ता?"

"त्याच्या जेवणाचा. दिवाणी कैदेत जितके दिवस राहील, तितक्या दिवसांचा खुराकीचा खर्च दावा जिंकणाऱ्याने द्यायचा असतो. आधी जमा करायचा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. तेच उत्तर. म्हणजे त्याने आमचे एकतीस हजार खाल्ले, सहा वर्षं शीरखुर्मा खाल्ला, आणि आता जेलात बसून दाळभातही आमचाच खाणार! मी तिथल्या तिथे ओरडले, "चोर तो चोर, वर त्याला पोळ्या आम्ही लाटायच्या?" दोन वकील मागे वळून हसले. पण भत्ता भरला. आपांनी शेवयांचे पैसे दिले. त्यांना मी सांगितलं नाही की हे कशासाठी. त्या भल्या बाईच्या शेवयांच्या पैशावर हा जेवणार, हे माझ्या तोंडातून निघेना.

दोनदा बेलिफ वॉरंट घेऊन गेला. दोनदा रिकामा आला. ‘सदर इसम घरी मिळून आला नाही,’ असा शेरा. पुढच्या दाराने बेलिफ शिरला की हा मागच्या दाराने हातावर तुरी देऊन पसार. गावात त्याची माणसं होती, स्कूटरचा आवाज ओळखायची. मिस्त्रींनी स्कूटर इतकी छान ठेवली होती की दुरूनच कळायची.

आणि मग सावकाराचा निरोप आला. सहा वर्षं झाली, दोन्ही मिळून चव्वेचाळीस हजार झाले, येत्या शुक्रवारपर्यंत सोडवा, नाहीतर मोडीत घालतो. मी पुन्हा हिशेब केला. कोर्टाच्या हुकुमाप्रमाणे मुद्दल, व्याज, खर्च धरून आमचे शेठकडे निघत होते तेही चव्वेचाळीसच्या घरात. काटा अगदी बरोबर मधे उभा होता. पुरे मिळाले तर आपांचे दोन्ही कंगन घरी. एक पैसा कमी चालणार नव्हता.

गुरुवारी सकाळी मुनशीने निरोप पाठवला की शेठ तहसीलसमोर धरण्यावर बसलाय. कापसाला भाव द्या म्हणून शेतकऱ्यांचं धरणं होतं. आम्ही बेलिफाला घेऊन गेलो. मांडवात पाहते तर शेठ पहिल्या रांगेत, सतरंजीवर, तोच गमछा. मागे खरे शेतकरी बसलेले, वाळलेल्या चेहऱ्यांचे. ते भाव मागत होते आणि त्यांच्या कापसाची घट धरणारा त्यांच्यापुढे बसून घोषणा सांगत होता. बेलिफ कचरला. म्हणाला, "इथं धरलं तर दंगा होईल." मी म्हटलं, "तुम्ही उभे राहा, मी बोलावते." आणि मांडवात शिरून मी शेठच्या कानाशी वाकले. "पाण्याच्या टाकीमागे या. नाहीतर हे वॉरंट मी इथं मोठ्यानं वाचते. मराठी शाळेत शिकलेली आहे मी."

तो उठला. टाकीमागे आला. बेलिफाने कागद दाखवला. मला वाटलं, हा आता गयावया करेल, पाया पडेल. तो म्हणाला, "दोन मिनिटं." मेहुण्याच्या नावाच्या त्या गाडीशी गेला आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. आत नोटा. मोजून, रबर लावून ठेवलेल्या.

"एकतीस हायेत. मुद्दल पुरं. व्याज अन् खर्च सोडा, अन् लिहून द्या."

"काहून सोडायचं?" मी म्हटलं. "कोर्टाचा हुकूम आहे. चव्वेचाळीस काढा."

तो हसला. मोठ्याने नाही, आपल्या घरच्या माणसाशी हसावं तसा. "भाभी, उद्या शुक्रवार हाय ना तुमचा? नाई घ्याचे तर चलतो मी जेलात. बसा मग दोघं माही भाकर पुरवत. तिकडे कंगन गेले भट्टीत."

शुक्रवार याला कसा माहीत? कंगन याला कसे माहीत? मी मिस्त्रींकडे पाहिलं. ते चपलेकडे पाहत होते.

मिस्त्रींनी तिथेच कबूल केलं. दोनच दिवसांपूर्वी, मंगळवारी, ते शेठच्या घरी जाऊन आले होते. मला न सांगता. त्या दिवशी तो घरी सापडला होता, कारण त्याला पक्कं ठाऊक होतं की हा माणूस बेलिफ घेऊन येणार नाही. त्याच्या ओसरीवर बसून, त्याचा चहा पिऊन, मिस्त्रींनी त्याला सगळं सांगितलं होतं. बहिणीचे कंगन, मेहेर, सावकार, शुक्रवार. हात जोडून. जी दरखास्त कोर्टात करायची ती हे त्याच्या दारात करून आले होते.

मी बेलिफाला विचारलं, "काय करू?" तो म्हणाला, "मी सल्ला देऊ शकत नाही, भाभी. तुम्ही सांगाल ते लिहीन." बरोबरच होतं त्याचं. जेलात टाकला तर हा चार दिवस बसेल, आमचंच खाईल, आणि उद्या संध्याकाळी दोन्ही कंगन वितळतील. घेतले तर निदान एक सुटेल. मांडवातून घोषणा येत होत्या. मी म्हटलं, "द्या." त्या एका शब्दाची मला अजून लाज वाटते.

बेलिफाने स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं, ‘हुकूमनाम्याचे पूर्ण समाधान झाले, आता काही येणे नाही.’ मिस्त्रींनी खाली सही केली. शेठने गमछा झटकला, खांद्यावर नीट घेतला आणि पुन्हा पहिल्या रांगेत जाऊन बसला.

रस्त्यात मी मिस्त्रींना नको नको ते बोलले. माझी जीभ त्या दिवशी सुटली होती. "काहून सांगितलं त्याले? कायले गेलते?" ते म्हणाले, "मले वाटलं, बहिणीचं नाव काढलं तर ऐकंल. त्याले बी बहीण हाय." या माणसाला जळालेल्या मोटारीचा वास दुरून कळतो आणि माणसाचा नाकाशी आला तरी कळत नाही. मला शेठची किळस होती, कोर्टाची होती, पण त्या क्षणी सगळ्यांत जास्त या भलेपणाची आली. खरं ते सांगते.

शुक्रवारी सावकाराने एका कंगनाचे बावीस हजार घेतले. उरलेले नऊ दुसऱ्यावर जमा करा, दिवाळीपर्यंत थांबा, म्हणून मी विनवलं. तो म्हणाला, "सहा वर्षं थांबलो, बाई. आता नाई." दोन्ही कंगन त्याने पाटावर ठेवले आणि विचारलं, कोणता देऊ. दोन्ही सारखेच होते. मिस्त्रींना बोट पुढे करवेना, म्हणून मीच उजवीकडचा उचलला. नऊ हजार संध्याकाळी वकीलसाहेबांच्या फीत गेले. पाच वर्षांत त्यांनी एकदाही मागितली नव्हती, त्यांना तरी कुठवर थांबवणार?

आपा मागच्या खोलीत शेवया वाळत घालत होत्या. मिस्त्री दारातच उभे राहिले. मी कंगन आपांच्या हातात दिला आणि जे झालं ते एका दमात सांगितलं. शेवयांचे पैसे कुठे गेले तेही सांगितलं. त्या रागावतील, रडतील, काहीतरी करतील असं वाटत होतं. त्यांनी पिठाचे हात ओढणीला पुसले, कंगन उजेडात फिरवून पाहिला, घातला मात्र नाही. मग भावाकडे पाहून, टोमणा न मारता, खरंच काही सुचत नसल्यासारखं विचारलं:

"एकच घातला तर बाया विचारतील, दुसरा कुठं गेला. काय सांगू मग त्यांना? भाऊ कोर्टात जिंकला म्हणून सांगू?"